कोकिळेनं सांगितलेलं

नत्थूजींनी सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत सरकवली आणि हात टेबलावर ठेवला. नर्सने वहीत पाहून मान हलवली.

"मागच्या महिन्यातच रक्त दिलंय तुम्ही. इतक्यात पुन्हा नाही घेता येत."

"घ्या ना बाई. पोरीले लागते."

त्यांनी हात तसाच ठेवला. शेवटी नर्सनेच बाही खाली केली.

सेलूजवळच्या त्यांच्या वाडीत वांगी होत. सतरा वर्षांच्या कोकिळेच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, अंगावर निळे डाग उमटले, तेव्हा त्यांनी तिला वर्ध्याच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी कमरेच्या हाडात सुई घालून तपासलं.

"रक्त तयार करणारा हाडातला मगज रिकामा झालाय," ते म्हणाले. "शरीरात राखणदार पेशी असतात, टी पेशी. रोगजंतूंवर धावून जायचं त्यांचं काम. हिच्या पेशी मगजावरच उलटल्या असाव्यात. त्यांना आवरणारं औषध परदेशात देतात. आपल्याकडे अजून आलेलं नाही."

कोकिळेच्या आईनं, रुख्माबाईंनी, एवढंच धरून ठेवलं, की वाडीतला फवारणीचा पंप पोरीच्या पाठीवर नवऱ्याने दिला होता. त्या दिवसापासून त्या त्यांच्याशी बोलल्या नाहीत. डबा आणत, खाटेच्या कडेला ठेवत.

एका दुपारी कोकिळेनं आईचा हात धरला.

"आई, बाबासंग काऊन बोलत नाई? मी डॉक्टरले इचारलं. फवारणीचा काई संबंध नाई म्हणे. माह्याच रक्तानं केलं हे."

रुख्माबाईंनी डबा उचलला. मग व्हरांड्यात गेल्या.

"जेवून घ्या," त्या नवऱ्याला म्हणाल्या. मग कोकिळेनं सांगितलेलं त्यांनाही सांगितलं.

माघात कोकिळा गेली.

महिन्याने मृत्यूच्या दाखल्यासाठी दोघं पुन्हा दवाखान्यात आले. रुख्माबाई बाहेर बाकावर बसल्या. कागद हातात घेऊन नत्थूजी डॉक्टरांच्या दारात थांबले.

"फवारणीनं नाई झालं, असं सांगतलं होतं ना तुमी कोकिळेले?"

डॉक्टरांनी चष्मा काढला.

"तिनं विचारलं होतं. मी म्हटलं, सांगता येत नाही. त्या पेशी कशानं बिथरतात, ते आम्हालाच अजून नीट कळलेलं नाही. फवारणीच्या औषधानंही होत असेल." त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "ती म्हणाली, हे बाबाले सांगू नका."

नत्थूजी बाहेर आले.

"काय म्हणे डॉक्टर?" रुख्माबाईंनी विचारलं.

"कोकिळेनं सांगतलं, तेच."

रुख्माबाईंनी पदर आवरून बाकावर त्यांच्यासाठी जागा केली. नत्थूजी उभेच राहिले.