सतरा बदाम

तिने बशी त्याच्यापुढे ठेवली आणि घड्याळाकडे पाहिलं.

“सतरा आहेत. एकही उरवायचा नाही. अर्ध्या तासाने वाढते.”

चष्मेवाल्याने पहिला बदाम तोंडात टाकला आणि चघळत राहिला. बायको पुन्हा शिलाई मशीनवर जाऊन बसली. शेजारी तिचा चहा होता, दोन चमचे साखरेचा. अकरा आठवडे ती न चुकता त्याचे बदाम मोजत होती आणि स्वतः एकालाही हात लावत नव्हती.

“तूही घे ना चार.”

“तुमचं औषध मी कशाला खाऊ?”

“मग निदान संध्याकाळी माझ्याबरोबर चालायला तरी चल.”

“दिवसभर पायडल मारते, ते काय कमी आहे?” ती हसली आणि कापड सुईखाली सरकवलं.

त्याने दुसरा बदाम उचलला. अकरा आठवड्यांपूर्वी रक्त दोघांनीही तपासून घेतलं होतं. ती नुसती सोबत म्हणून गेली आणि आलेच आहे तर म्हणून बाही वर करून बसली. रिपोर्ट आणायला मात्र तो एकटाच गेला. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. त्याची साखर वाढलेली होती, तिची त्याहून किंचित जास्त. “मधुमेह नाही अजून,” बाई म्हणाल्या, “पण दोघंही उंबरठ्यावर आहात.” दोघांनी चालायचं, साखर कमी करायची आणि जेवणाआधी अर्धा तास मूठभर बदाम खायचे, म्हणजे जेवल्यावर साखर एकदम चढत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू.

तो घरी आला तेव्हा खोलीभर लाल मखमल पसरली होती. नाट्यगृहाचा पडदा. जन्मभर लोकांच्या खिडक्यांचे पडदे शिवलेल्या बाईला पहिल्यांदाच एवढं मोठं काम मिळालं होतं. तोंडात टाचण्या धरून, गुडघ्यांवर रांगत ती कड दुमडत होती. तिने नुसत्या भुवया उंचावून विचारलं.

“माझी थोडी वाढलीय,” तो म्हणाला. “तुझं सगळं ठीक आहे.”

पडदा होऊ दे, मग सांगू, असं त्याने मनाशी ठरवलं. पडदा तीन आठवड्यांत झाला. पण आता सांगायचं तर ते तीन आठवडेही सांगावे लागणार होते. मग चार झाले, मग सहा. आणि रोज दोन्ही वेळा समोर बशी येत राहिली.

आत्ता बायकोने कप वाकडा करून तळाची साखर बोटाने पुसली आणि बोट चाटलं. त्याने बशी बाजूला सारली.

“तुझीही वाढली होती.”

मशीन थांबलं.

“काय?”

“साखर. तुझ्याही कागदावर होती. मी बोललो नाही.”

तिने कापड सुईखालून सोडवलं, त्याची घडी घातली, घडीवर हात फिरवला. कधी, किती, एवढंच विचारलं. त्याने सांगितलं. मग घड्याळाकडे पाहून ती उठली.

“अर्धा तास झाला. वाढते.”

दुसऱ्या दिवशी ती तपासणीला एकटीच गेली. चष्म्याच्या दुकानात काचा घासताना त्याच्या हातून दोन काचा वाया गेल्या. संध्याकाळी तो घरी आला तर ती मशीनवर नव्हती, स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली होती. बाहेरची चप्पलही अजून पायांत होती.

“तीन महिन्यांची सरासरी साखर सहा पॉइंट सहा,” ती म्हणाली. “साडेसहाला मधुमेह धरतात. आता गोळ्या लागतील.”

“माझ्यामुळे.”

“मी विचारलं बाईंना. म्हणाल्या, तसं सांगता येत नाही. कदाचित आधी कळूनही वाढली असती.” तिने चप्पल पायांतून काढली. “कदाचित नसतीही.”

तो उभाच राहिला. काही बोलणार तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. मुलगी रोज याच वेळी ऑफिसातून निघताना फोन करायची. बायकोने स्पीकर लावला.

“अगं, जरा साखर निघालीय माझी. घाबरण्यासारखं नाही. तुझ्या बाबांनीच मागे लागून तपासायला लावलं, म्हणून वेळेत कळलं तरी.”

“मला सांगायचीस तू, तुला काही होत नाही म्हणून!” मुलीचा आवाज आधी चिडला, मग ओला झाला. “बाबा आहेत का तिथे? बाबा, बरं झालं हो, तुमचं लक्ष असतं तिच्याकडे.”

बायको टेबलाकडे बघत होती. नखाने त्यावरचा एक वाळलेला डाग खरवडत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

“दे इकडे फोन,” तो म्हणाला.

तिने फोनवर तळवा ठेवला. “राहू द्या,” ती हळूच म्हणाली. “तिला कशाला?”

त्याने हात मागे घेतला नाही. शेवटी तिने तळवा उचलला.

“बाबा? बोला ना.”

“गाडीत बसलीस का? बस आधी,” चष्मेवाला म्हणाला आणि स्वतःही बायकोसमोरची खुर्ची ओढून बसला. “मग सांगतो.”