आधीच केलेली खूण

छकुली खांद्यावर पेंगत होती आणि तिच्या आईचा उजवा हात मोकळा होता; म्हणजे जगातली निम्मी कामं तरी होण्यासारखी होती.

ती आई आणि तिचा दादा मिळून एक छोटा प्रोग्रॅम चालवायचे. रेकॉर्ड केलेल्या आवाजातली खरखर काढणारा, आणि फुकट. लोक आशीर्वाद द्यायचे, पण आशीर्वादावर चूल पेटत नाही, म्हणून दादाने एका कंपनीशी बोलणी केली होती. आपला प्रोग्रॅम डाउनलोड करणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर त्यांची एक जाहिरातींची पट्टीही जाऊन बसणार. नको असेल त्याने इन्स्टॉल करताना दिसणाऱ्या चौकटीतली बरोबरची खूण काढायची. खूण मात्र आधीच केलेली. ती चौकट तिनेच बसवली होती, बारीक करड्या अक्षरांत. तेव्हा ती कुरकुरली, तर दादा म्हणाला होता की लपवलंय कुठे, लिहिलंय की. लोक वाचत नाहीत त्याला आपण काय करायचं? बाळंतपणानंतर घरबसल्या काम देणारा हा एकटाच. तिने खूण तशीच राहू दिली.

आज नवी आवृत्ती निघायची होती. लोकांच्या हाती देण्याआधी ती आपल्या कॉम्प्युटरवर एकदा चालवून बघायची, ही तिची रीत. मध्येच छकुली किरकिरली. पाठ थोपटत, डुलत, तिने दाबलं: पुढे, पुढे, पुढे.

आणि ब्राउझर उघडला तर नेहमीचं पान गायब. वर ती पट्टी, आयत्या बिळावर नागोबा बसावा तशी ऐसपैस. आधी तिला हसू आलं. मग ते विरलं. चौकट कुठे आहे, अक्षरं किती बारीक आहेत, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? खूण न काढणारे ते सगळे तिच्या डोळ्यांपुढे आले. कुणाच्या मांडीवर मूल असेल, कुणाचं दूध उतू जात असेल, कुणी नुसतंच दमलेलं असेल.

तिने नव्या आवृत्तीतली ती आधीच केलेली खूणच काढून टाकली आणि दादाला तसं कळवलं. लगेच फोन.

दादा चिडला नव्हता, थकला होता. कंपनी गेली तर तिला काम देणं जमणार नाही, हे त्याने दोनदा सांगितलं. तिनेही दोनदा 'माहितीये' म्हटलं.

"खूण नसेल तर ती पट्टी घेणार कोण?"

"ज्याला हवी असेल तो."

"अगं वेडे, कुणालाच नकोय ती."

आपण काय म्हणालो ते त्याचं त्यालाच ऐकू गेलं असावं.

"राहू दे काढलेली," तो म्हणाला. "त्यांना मी सांगतो. आणि कुठे काम मिळतंय का बघ. मिळालं तर माझंही नाव सुचव."

छकुली झोपली होती. तिला खाली ठेवलं तर जागी होईल म्हणून आई तशीच बसली आणि एका हाताने ती पट्टी काढायला लागली. पट्टी निघेना. खरंच काढायची का, का काढताय, थोडे दिवस राहू द्या ना, असं चिवट पाहुण्यासारखं विचारत राहिली. तिने प्रत्येक ओळ वाचली, सावकाश, अगदी शेवटपर्यंत.