विचारणारा घरी आहे

कारखान्याच्या कँटीनमधला आचारी म्हणजे ऐरागैरा माणूस नव्हे. चार-पाचशे माणसं रोज त्याच्या हातचं जेवायची आणि जाता जाता खिडकीत डोकं घालून सांगायची, "आज मजा आली बरं का." भांडी घासणाऱ्या मावशी म्हणायच्या, "याच्या हाताला गुण आहे. दगड शिजवला तरी लोक बोटं चाटतील." आणि अशा या माणसाच्या घरी जेवणारी एकच बाई, त्याची बायको. ती जेवून अर्धा तास होतो न होतो तोच पोट धरून आडवी व्हायची. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते ठीक. पण पिकतं तिथं दुखतं, हे आचाऱ्यानं बापजन्मात ऐकलं नव्हतं.

वर्ष झालं होतं या प्रकाराला. आधी पोट फुगायचं, मग कळ यायची, मग आत कुणीतरी फडकं पिळावं तसं व्हायचं आणि बाई जी उठायची ती थेट संडासात. कधी दोन-दोन दिवस काहीच नाही, कधी साध्या भातानंही बेजार. रक्त तपासून झालं, सोनोग्राफी झाली, नळी घालून आत डोकावून झालं. सगळं स्वच्छ. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आतडं चिडकं असावं. खात्रीनं सांगता येत नाही. जिवाला धोका नाही, पण त्रास खोटाही नाही. काय खाल्लं की वाढतं ते बघा, थोडं थोडं खा, आणि जेवताना डोक्याला ताप नको."

"चिडकं?" घरी येताना आचारी म्हणाला. "आपल्या घरात चिडका मी एकटाच, असं वाटत होतं मला."

बायको हसली, पण तेवढ्यापुरतीच.

मग आचाऱ्यानं कंबर कसली. दूध बंद केलं, लसूण हद्दपार केली, तिखटाचा डबा वरच्या फळीवर गेला. ज्या माणसानं परतलेल्या कांद्याच्या वासावर नाव कमावलं, तो घरात कांदा आणेनासा झाला. उकडलेला भोपळा आणि मऊ भात, भात आणि भोपळा. बरं, रांधून गप्प बसेल तर तो आचारी कसला. खुर्ची ओढून तिच्या समोर ठाण मांडायचा. घास तोंडात गेला की याची नजर तिच्या तोंडावर, गिळला की पोटावर. "कसं वाटतंय? भोपळा बाधला का? आता? आता कसं?" आणि कळ आलीच, तर याचं तोंड असं उतरायचं की दुखणाऱ्या बाईनंच याची समजूत काढावी. ती काढायचीही. "तुमच्या हातानं नाही हो होत," म्हणायची, कपाळावर घाम असताना. ते त्याला कधी पटलं नाही.

तर अशात एका संध्याकाळी त्यानं नेहमीचा प्रश्न टाकला, "दुपारी कसं होतं?"

"दुपारी काही नाही झालं."

"काहीच नाही?"

"नाही. छान गेली दुपार."

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. दुपारचा डबा सुखानं पचतो, रात्रीचं जेवण छळतं. आचारी खूश झाला. डबाही त्याच्याच हातचा होता ना. पण आचाऱ्याचं नाक ते आचाऱ्याचं नाक. एका संध्याकाळी तिनं रिकामा डबा त्याच्या हातात दिला आणि तिच्या बोटांना वास आला. परतलेला कांदा, तोही जरा करपलेला.

"हा कांदा कुठला?"

"लांब्याचा," ती चप्पल काढत म्हणाली. "त्याच्या डब्यात पाव, अंडं आणि कांदा असतो. तो मी खाते. तो तुमचा डबा खातो."

ती पुस्तकं बांधायच्या कारखान्यात कामाला होती. तिथं कागद कापायच्या यंत्रावरचा माणूस इतका उंच होता की त्याला सगळे लांब्याच म्हणायचे. एकटा राहायचा, बोलायचा कमी. आजवर आचाऱ्यानं त्याचं नाव दहादा ऐकलं होतं आणि दहादा विसरला होता.

"आणि दुखलं नाही?"

"नाही."

आचाऱ्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. बायको त्या लांब्याबरोबर पळून गेली असती तर एक वेळ त्यानं समजून घेतलं असतं, माणसं पळून जातात. पण हिनं त्याचा करपलेला कांदा पचवावा? नवऱ्यानं जीव ओतून शिजवलेला भोपळा आतड्याला सलतो, आणि त्या शिडीनं सकाळी घाईघाईत भाजलेलं अंडं गोड लागतं? त्या रात्री तो कुशीवर वळून पडला आणि लांब्याचे हात कसे असतील याचा विचार करत राहिला. हे काही फार शहाणपणाचं नव्हतं, पण मत्सराला शहाणपण कधी असतं.

कँटीनमध्ये लागोपाठ दोन दिवस भात खारट झाला. खिडकीत डोकी आली, पण मजा आली असं कुणी म्हणालं नाही. मावशींनी पातेलं आपटलं.

"काय रे, दुखतंय बायकोच्या पोटात की तुझ्या?"

"गप्प बसा, मावशी."

"मी गप्प बसेन, चारशे माणसं बसतील का? जा आणि एकदाचं काय ते बघून ये. डाव दे इकडे."

म्हणून ऐन जेवणाच्या वेळी, जी वेळ त्यानं उभ्या नोकरीत कधी सोडली नव्हती, आचारी एप्रन काढून बाहेर पडला.

पुस्तकांच्या कारखान्याची खिडकी रस्त्याच्या बाजूला होती, धुळीनं अर्धी आंधळी. आत छापील कागदांचे गठ्ठे छातीएवढे उंच, खळीची बादली, आणि मधल्या टेबलावर चार-पाच माणसं जेवत होती. लांब्या ओळखायला कष्ट पडले नाहीत. तो टेबलाच्या टोकाला तिच्याकडे जवळजवळ पाठ करून बसला होता आणि आचाऱ्याचा भोपळा औषध घ्यावं तसा गिळत होता. दुसऱ्या हातात कुठल्याशा पुस्तकाची सुटी पानं, डोळे त्यांत. त्याचा डबा तिच्यापुढे होता. ती खात होती. तिच्याकडे कुणीही बघत नव्हतं. आचारी सोडून.

जेवण झालं. ती उठली, डबा धुतला, परत येऊन बसली. आचारी खिडकीशी थांबून राहिला. तिकडे चारशे माणसं मावशींच्या नावानं शंख करत असतील हे त्याला माहीत होतं, तरी त्याचा पाय निघेना. आणि मग तिनं टेबलाची कड धरली. त्याला ती पकड ओळखीची होती. ती वाकली, उठली, मागच्या दाराकडे गेली. बऱ्याच वेळानं आली ती तोंड धुऊन, पांढरीफटक. गठ्ठ्यावर डोकं टेकून डोळे मिटून बसली. पलीकडची बाई घडी घातलेल्या छापील कागदांचे फर्मे मोजत राहिली. लांब्यानं पान उलटलं.

आणि खिडकीबाहेर आचारी हसला. दात दिसेपर्यंत हसला. दुखलं की. त्याच्याही कांद्यानं दुखलं. माझा हात नव्हे, कुणाचाच हात नव्हे. वर्षभर छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलला, असं त्याला झालं. मग त्याच्या लक्षात आलं की समोर आपली बायको वेदनेनं डोळे मिटून बसली आहे आणि आपण हसतो आहोत. त्यानं तोंड मिटलं, पण हसून झालं होतं.

लांब्या पाण्याची बाटली भरायला बाहेरच्या नळावर आला, तो नेमका याच्यासमोर.

"तुम्ही आचारी ना?" तो म्हणाला. "डब्याचे मालक."

"तिला दुखतंय."

"रोजच दुखतं."

"रोज? मला तर म्हणते, दुपारी काही होत नाही."

लांब्यानं खांदे उडवले. "ते तुमचं तुम्ही बघा. आम्ही विचारत नाही. पहिल्यांदा मी विचारलं होतं, तर म्हणाली, इथं नको, विचारणारा घरी आहे."

आचाऱ्यानं ठिबकता नळ घट्ट पिळला. "आणि कांदा? कांदा कशाला देता तिला?"

"तिनंच मागितला. म्हणाली, दुखायचं तर दुखणारच आहे, निदान चवीचं खाऊन दुखू दे." त्यानं बाटलीचं झाकण लावलं. "तुमचा डबा माझ्या पोटाला बरा आहे हो. मीठ तेवढं घालत जा."

दुसरा कुणी असता तर त्या मिठावरून तिथंच जुंपली असती. पण आचाऱ्याला मीठ ऐकूच आलं नाही. जाताना त्याला तो करपलेला कांदा सलत नव्हता, दुसरंच काही सलत होतं. ती त्या माणसासमोर दुखून घेऊ शकत होती. घाम, पांढरा चेहरा, ते मागच्या दारानं जाणं, सगळं त्याच्या देखत. नवऱ्याच्या वाट्याला काय, तर 'छान गेली दुपार'. अंड्याचा हेवा परवडला होता. हा हेवा गिळवेना.

संध्याकाळी त्यानं ताट वाढलं. समोर खुर्ची ओढली नाही, ओट्याकडे तोंड करून उभा राहिला आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला लागला. मागे चमचा वाजत होता. विचारू नकोस, तो स्वतःला बजावत होता. मान अशी आखडली की बस.

"दुपारी आला होतात म्हणे," मागून बायको म्हणाली.

त्यानं पातेलं विसळलं. "लांब्यानं सांगितलं?"

"हो. म्हणाला, नवरा खिडकीत उभा राहून हसत होता." चमचा थांबला. "कशाला हसत होतात?"

खोटं बोलायला जागा होती. कुणी भेटलं होतं, काही आठवलं होतं, दहा कारणं सुचली त्याला. पण घरातलं सगळं खोटं तिनंच वापरून संपवलं होतं.

"तुला दुखलं म्हणून," तो भिंतीला म्हणाला. "त्याचं खाऊनही दुखलं म्हणून. मला बरं वाटलं."

रडली तर काय करायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं. निघून गेली तर काय, हे त्याहून नव्हतं.

"मी सांगत होते ना, तुमच्या हातानं होत नाही म्हणून," ती म्हणाली.

"हो."

"मला कळ येते, आणि मी आधी तुमचं तोंड बघते. तुमचं तोंड पडलं की माझं दुप्पट दुखतं. म्हणून दुपार मी माझ्याकडे ठेवली." खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. "हसायचं तर हसा. बरं वाटलं तर वाटू दे. पण तसं तोंड पाडून बसू नका माझ्यासमोर."

तो वळला. ओल्या हातांचं काय करावं, तोंड कसं ठेवावं, काही कळेना. हसू येत नव्हतं आणि उदास व्हायची बंदी होती. ती ताटापासून जरा मागे सरकली होती, एक हात पोटावर. तिनं त्याच्याकडे सरळ बघितलं.

"दुखतंय," ती म्हणाली.

"बरं," तो म्हणाला.

लांब्या अशा वेळी काय म्हणतो, हा प्रश्न अगदी जिभेवर आला होता. तो त्यानं गिळला.