पाटीवरचं नाव

बहात्तरच्या जुलैत कृषी महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलांनी विहिरीपासून वसतिगृहापर्यंतच्या रस्त्याकडेला कडुलिंबाची रोपं लावली. कल्पना प्राचार्यांची. विद्यापीठ नवं होतं, आणि इथून शिकून गेलेली पोरं पुन्हा फिरकतच नाहीत ही त्यांची खंत होती. पोरांनी यावं, आपापल्या गावच्या जमिनीचं, पिकाचं सांगावं, मागून येणाऱ्यांना हात द्यावा, असं त्यांना फार वाटे. आपण लावलेलं झाड बघायला तरी माणूस येतोच, असं ते म्हणत. प्रत्येक रोपाशेजारी पत्र्याची पाटी रोवली आणि तिच्यावर लावणाऱ्याचं नाव रंगवलं. हे सगळं काम वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या विजया देवकुळे यांच्याकडे होतं.

त्या वर्षी पाऊस पडलाच नाही. दिवाळीपर्यंत निम्म्याहून जास्त रोपं जळून गेली. विजयाबाईंनी वाळलेली रोपं उपटली, त्यांच्या पाट्या कोठीत नेऊन ठेवल्या आणि उरलेल्यांना टँकरचं पाणी घालायला सुरुवात केली. संक्रांतीनंतर प्राचार्यांनी माजी विद्यार्थी संघ काढायचं ठरवलं. एप्रिलमध्ये पहिला मेळावा होता. विजयाबाईंनी सगळ्या मुलांना पोस्टकार्डं टाकली. मजकूर एकच होता: तुमचं झाड तुमची वाट बघतंय, दुष्काळ आहे, जमेल त्या रविवारी येऊन त्याला घागरभर पाणी घाला आणि मेळाव्याला नक्की या. कुणाचं झाड जगलं, कुणाचं गेलं, हे पत्रात कशाला लिहायचं, आल्यावर दिसेलच, असा त्यांनी विचार केला होता.

पुढच्याच रविवारी सकाळी एक बाई फाटकापाशी उतरली. पन्नाशीची, उन्हानं रापलेली, कपाळ मोकळं. काखेत तोंडाला फडकं बांधलेली कळशी. सोनईच्या पलीकडच्या वस्तीवरून आली होती. नाव झुंबरबाई. सहादेवची आई.

सहादेव विजयाबाईंना चांगला आठवत होता. मागच्या बाकावर बसायचा, प्रश्न विचारताना आधी उभा राहायचा आणि मग लाजायचा. नोकरी लागली म्हणून पेढे द्यायला आला होता. तो कसा आहे, असं त्यांनी विचारलं, तेव्हा झुंबरबाईंनी शांतपणे सांगितलं. खर्ड्याकडं नेमणूक झाली, तिथं कावीळ झाली, नगरच्या दवाखान्यात आणेपर्यंत उशीर झाला. कार्तिकात गेला. एकुलता एक होता. पोस्टकार्ड आलं ते शाळेतल्या मास्तरांनी वाचून दाखवलं.

"मला म्हनला हुता, आई, लिंब लावून आलोय, मोठा झाला की तुला दावीन," त्या म्हणाल्या. "म्हनून आले. घरच्या विहिरीचं पानी आनलंय. कुठं हाय त्याचं झाड?"

सहादेवचं रोप दसऱ्याच्या सुमारासच वाळलं होतं. विहिरीकडून तिसरं. त्याची पाटी कोठीत पडली होती. विजयाबाई काही बोलणार होत्या, पण त्या बाईनं कळशीचं फडकं सोडायला घेतलं होतं. त्यांनी रांगेच्या टोकाला बोट केलं. तिथला लिंब कमरेएवढा झाला होता, सगळ्यात जोमदार. पुण्याच्या एका मुलानं लावलेला. तो मुलगा खताच्या कंपनीत लागला होता आणि पत्राला त्याचं उत्तरही आलं नव्हतं.

झुंबरबाईंनी बेतानं पाणी घातलं. मग पाटीवरची धूळ पदरानं पुसली आणि विचारलं, "हितं काय लिवलंय?"

"सहादेव," विजयाबाई म्हणाल्या.

त्यानंतर झुंबरबाई दर रविवारी येऊ लागल्या. दोन एस.टी. बदलून. घरच्या विहिरीला थोडंच पाणी राहिलं होतं, तरी कळशी भरलेलीच असे. टँकरचं घाला, इतक्या लांबून कशाला ओझं आणता, असं विजयाबाईंनी सांगून पाहिलं. पण सहादेव घरचंच पाणी प्यायला असता तर वाचला असता, असं झुंबरबाईंना वाटत होतं. पाणी घालून झालं की त्या पाटी पुसत आणि तिच्यासमोर बसून राहत. बोट अक्षरांवरून फिरवत. कधी सहादेवच्या लहानपणीचं सांगत, कधी नुसत्या पानांकडं बघत. पहिल्या दिवशी पडलेला चेहरा हळूहळू उजळला. एकदा त्या हसल्या, आणि विजयाबाईंना वाटलं, आपण केलं ते बरंच केलं. पाटी बदलून टाकावी, असं मनात एकदा आलं होतं. पण जिवंत मुलाचं नाव उपटून तिथं गेलेल्याचं लावायला त्यांचा हात धजला नाही. पावसाळा आला की काहीतरी करू, असं म्हणून त्यांनी ते पुढं ढकललं.

मेळाव्याला पोरं बरीच आली. मांडव घातला होता. प्राचार्य बोलले, कुणी गावात ओढ्याला बांध घालून नालाबंडिंग सुरू केल्याचं सांगितलं, कुणी बियाण्याचं. पुढच्या मुलांना सुट्टीत आपल्या शेतावर राहायला बोलवायचं असं ठरलं. झुंबरबाईही आल्या होत्या. धुवट लुगडं नेसून मागे बायकांत बसल्या. भाषणं संपल्यावर सगळे झाडं बघायला निघाले.

विजयाबाई चहाचं बघत होत्या. त्या पोचल्या तेव्हा टोकाच्या लिंबापाशी पुण्याचा रविकांत उभा होता. तो येईल असं त्यांना वाटलंच नव्हतं. झाड एवढं वाढलेलं पाहून तो हरखून गेला होता आणि झुंबरबाईंना विचारत होता, मावशी, पाणी तुम्ही घालता का? झुंबरबाई अभिमानानं म्हणाल्या, माझ्या लेकाचं झाड हाय, मी न्हाई घालनार तर कोन. तो गोंधळला. त्याला वाटलं, बाईंची काही चूक होतेय. तेवढ्यात झुंबरबाई खाली बसल्या.

"मला आता नाव काढाया येतं," त्या म्हणाल्या, आणि पाटीकडे न बघता बोटानं धुळीत अक्षरं काढू लागल्या. हळूहळू, एकेक. वेलांटी थोडी वाकडी झाली, अनुस्वार लांब पडला. पण लिहिलं होतं ते स्वच्छ वाचता येत होतं.

रविकांत वाकला. वाचलं. मग अगदी साधेपणानं म्हणाला, "मावशी, हे तर माझं नाव आहे. रविकांत."

झुंबरबाईंनी त्याच्याकडं पाहिलं. मग पाटीकडं. मग विजयाबाईंकडं. विजयाबाईंनी मान खाली घातली, आणि तेवढ्यानं झुंबरबाईंना सगळं कळलं.

रविकांतलाही हळूहळू उमगलं. तो घाईघाईनं म्हणाला की झाड तुमचंच आहे, तुम्हीच वाढवलंय, पाटी मी आत्ता काढून टाकतो. झुंबरबाई उठल्या. हात लुगड्याला पुसले.

"न्हाई बाबा. तुझं हाय, तुलाच राहू दे," त्या म्हणाल्या. "आई हाय ना तुझी? तिला आनून दाव एकदा."

धुळीतलं नाव त्यांनी पुसलं नाही. कळशी उचलली आणि फाटकाकडं चालू लागल्या. विजयाबाई मागं गेल्या, मावशी, मावशी म्हणत; पण त्या थांबल्या नाहीत, आणि कुणी जबरदस्तीनं थांबवावं असं ते चालणं नव्हतं.

पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. शेवटी मे महिन्यात विजयाबाई सोनईला गेल्या आणि विचारत विचारत वस्तीवर पोचल्या. घराला कडी होती. शेजारणीनं सांगितलं, दुष्काळी कामावर गेल्यात, रस्त्याच्या खडीवर.

झुंबरबाई इतर बायकांबरोबर ओळीत बसून खडी फोडत होत्या. अठरा एकर जमीन असलेल्या बायकाही त्या वर्षी त्या ओळीत होत्या. विजयाबाईंना पाहून झुंबरबाईंनी हातोडी ठेवली, तांब्यातलं पाणी दिलं. रागावलेल्या दिसत नव्हत्या. विजयाबाईंनी माफी मागितली. तुमचा चेहरा बघून सांगवलं नाही, मावशी, असं त्या म्हणाल्या, आणि म्हणताना त्यांना स्वतःलाच ते फार तोकडं वाटलं.

झुंबरबाईंनी पुढ्यातली खडी हातानं एका बाजूला सारली.

"तुमी वाईट केलं न्हाई बाई," त्या म्हणाल्या. "पन पहिल्या दिशीच सांगितलं असतं, तर मी रडून घरी गेले असते. झाड बघून मला वाटाया लागलं हुतं, थोडा हाय अजून. आता दोनदा गेला."

विजयाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. झुंबरबाईंच्या डोळ्यांत काही नव्हतं. त्यांनी विचारलं, "त्याचं कुठं हुतं?"

"विहिरीकडून तिसरं."

"कवा वाळलं?"

"दसऱ्याच्या आसपास."

झुंबरबाईंनी मनाशी काही जुळवलं. तेव्हा तो खर्ड्याला होता. अजून दुखणं लागायचं होतं. "म्हंजी त्याला ठावं न्हवतं, वाळल्यालं?"

"नाही, मावशी. कुणीच कळवलं नव्हतं."

"बरं झालं," झुंबरबाई म्हणाल्या. "लई जीव हुता त्याचा. हळहळला असता."

मुकादम ओळीच्या त्या टोकाला आला होता. झुंबरबाईंनी हातोडी घेतली. विजयाबाईंनी जाताना विचारलं की पाऊस लागला की तिथंच सहादेवच्या नावानं दुसरं झाड लावायचं संघानं ठरवलंय, रविकांतनं पाण्याची जबाबदारी घेतलीय, तर चालेल का. झुंबरबाईंनी दगडावर घाव घातला. दगड फुटला नाही. दुसरा घातला.

"लावा," त्या म्हणाल्या. "चांगलं हाय. पन मला बोलवू नका."

त्र्याहत्तरला पाऊस चांगला झाला. विहिरीकडून तिसऱ्या जागी लिंब लागला. रविकांत पुण्याहून दोन-तीनदा आला, त्याच्या आईलाही एकदा घेऊन आला. संघ वाढला, मुलं सुट्टीत जुन्या विद्यार्थ्यांच्या शेतांवर राहायला जाऊ लागली, आणि प्राचार्य दर मेळाव्यात समाधानानं त्याचा उल्लेख करत.

झुंबरबाईंना कुणी बोलावलं नाही. त्या आल्या नाहीत.