ओंजळचा ‘ळ’

मित्रांनो, तोंडावर गंज चढलेली मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. अंगाने म्हातारी झाले असेन, पण माझा अपमान अजून कोरा करकरीत आहे.

माझ्यावर लॉजचं नाव ‘ओंजळ’ लिहिताना रंगाऱ्याचा हात घसरला आणि ‘ळ’चा एक डोळा दुसऱ्याच्या दुप्पट झाला. मालकीणबाई कडाडल्या, “अहो, हा ळ आहे की एक डोळा वटारलेली सासू?”

रंगारी म्हणाला, “असू द्या हो बाई, लांबून ओळखू येईल.”

बाईंनी मला गच्चीच्या कठड्याला, रस्त्यावरून आणि गच्चीवरूनही दिसेन अशा बेताने टांगलं. खाली तळं, पलीकडे डोंगर. पाहुणे माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढत. काय माझा रुबाब होता!

मग राज्यभर पर्यटनाची जाहिरात करायची म्हणून प्रत्येक लॉज-हॉटेलावर दर खोलीमागे वर्गणी बसली. बाईंनी अकरा खोल्यांची वर्गणी एकदाही चुकवली नाही. वर्गणी गोळा करून जाहिरात छापणाऱ्या समितीचा अध्यक्ष होता समोरच्या बड्या हॉटेलचा मालक. त्याने फोटोग्राफर चढवला तो आमच्याच गच्चीवर. रंगीत पत्रक छापून आलं. तळं आमच्या गच्चीवरचं, डोंगर आमच्या गच्चीवरचा आणि खाली ‘राहण्याची सोय’ म्हणून नाव त्याच्या हॉटेलचं! मला तर फोटोतून कापूनच टाकलं.

बाई जाब विचारायला गेल्या, तर म्हणतो कसा, “मावशी, जाहिरात सगळ्यांचीच असते. तुमच्या नावाला जागाच उरली नाही. आणि तो गंजका पत्रा आधी काढा, शोभा जाते.”

गिऱ्हाईक तिकडे वळलं. दोन हंगाम आमच्या चाव्या खिळ्यांवरून हलल्या नाहीत. शेवटी लॉज बंद करायचं ठरवून बाई मला उतरवायला पान्हा घेऊन आल्या.

तेवढ्यात रस्त्यावरून एक आजोबा ओरडले, “अगं बघ, पत्रकातला तो तिरपागडा ळ!”

कापणाऱ्याचा हलगर्जीपणा! फोटोच्या कोपऱ्यात माझा ‘ळ’ राहून गेला होता. अध्यक्षाच्या हॉटेलच्या खिडकीतून आजी-आजोबांना दिसली होती नुसती पाण्याची टाकी. भांडून, बॅगा उचलून दोघं आमच्याकडे आले. त्यांच्यामागून तिथले बाकीचे पाहुणेही पत्रकं नाचवत आले.

परवा अध्यक्ष स्वतः घामाघूम होऊन आमचा जिना चढला. “मावशी, पर्यटन खात्याचे वरचे साहेब येताहेत, पत्रकातला देखावा दाखवा म्हणतात. तासभर गच्ची द्या ना.”

गच्चीवर चिटपाखरू नव्हतं. बाईंनी सावकाश खुर्ची झटकली, ऐन मधोमध ठेवली आणि ऐसपैस बसल्या.

“जागाच उरली नाही रे, बाळा.”

मित्रांनो, जुन्या पाट्यांना पुसा, रंगवा, जपा. त्यांच्याकडून वर्गणी घेऊन त्यांनाच कापू नका. आणि कापायचंच असेल, तर नीट कापा. एक अक्षर जरी मागे उरलं, तरी ते डोळा वटारून बघत असतं.