रविवारचा घास

दुसरबीडला रस्त्याकडेला अविनाशचं पंक्चरचं दुकान होतं. भांडण झालं ते हवा भरायला आधी नंबर कोणाचा यावरून. हवा भरायला आलेल्या सतरा वर्षांच्या प्रज्वलनं तिथलीच टायर काढायची लोखंडी टॉमी उचलून अविनाशच्या डोक्यात घातली. अविनाश वाचला, पण वाचा गेली, उजवा हात गेला. तेव्हापासून त्याची बहीण सुचिता त्याला भरवायची, धुवायची.

बुलढाण्याला बाल न्याय मंडळात समुपदेशक नीरजा मॅडमनी सुचिताला आणि प्रज्वलला समोरासमोर बसवलं. प्रज्वल मान खाली घालून पाठ केलेली माफी बोलला.

"माफी नको मले," सुचिता म्हणाली. "दर रविवारी याले घरी पाठवा. माझ्या भावाचं सारं यानं करावं. जेवण, आंघोळ, हागणंमुतणं, सारं."

मॅडमना तो तिचा मोठेपणा वाटला. मंडळानंही मान्य केलं. सुचिताच्या मनातलं तिलाच ठाऊक. पोराला जेलात टाकता येत नव्हतं. मग निदान आपल्या डोळ्यांसमोर तरी त्यानं सडावं.

पहिल्याच रविवारी अविनाशची चादर धुताना प्रज्वल मोरीत ओकला. सुचिता बघत उभी होती.

"ओक. अन् पुन्हा धू."

त्या दिवशी ती पोटभर जेवली.

पण पोरगा येत राहिला. भाकर दुधात बारीक कुस्करायला शिकला, गालावर ओघळलेलं पुसायला शिकला. एका रविवारी त्याची एसटी चुकली, तर अविनाशनं सुचिताच्या हातचा घास जिभेनं बाहेर ढकलला आणि दाराकडे बघत बसला.

सुचिताच्या अंगाचा भडका उडाला. "अरे, त्यानंच मारलं तुले! त्यानंच!"

अविनाश नुसता हसला.

तिनं मॅडमना फोन लावला. "त्याले पाठवू नका आता."

"का? वाईट वागला का?"

"नाही ना! वागला असता तर बरं झालं असतं."

प्रज्वलचं येणं बंद करण्यात आलं. तरी पुढच्या रविवारी तो दारात उभा.

"कोणं सांगतलं तुले यायले?"

"कोणीच नाही, ताई."

"ताई म्हणू नको मले!"

तिनं दोन्ही हात चौकटीला रोवले. याला ढकलावं, पायरीवर याचं डोकं फुटावं, असं वाटलं. पण अविनाशनं आवाज ओळखला होता. तो आतून डाव्या हातानं ताट वाजवायला लागला. थांबेचना.

सुचितानं एक हात काढला.

"जा आत. पण मी तुले सोडलं नाही, ध्यानात ठेव. मरेपर्यंत सोडणार नाही."

"हाव," प्रज्वल मान डोलवून म्हणाला आणि हात धुवायला मोरीकडे गेला.