चुकीच्या दाताचे आभार

आमच्या दातांच्या डॉक्टरांच्या डोक्यात खूळ शिरलं. कुठल्याशा ऑनलाइन व्याख्यानात त्यांनी ऐकलं, की मोबाइलवरचे मेसेज कुणी वाचत नाही. पेशंटला हाताने लिहिलेलं आभारपत्र पाठवा, तो जन्मभर तुमचा होतो. झालं! दुसऱ्या दिवशी दोनशे कोरी कार्डं हजर. लिहायची कुणी? रिसेप्शनवर बसते ती मी. डॉक्टरांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तेव्हा भावना त्यांच्या आणि बोटं माझी, असं ठरलं.

रजिस्टर उघडायचं, नाव उतरवायचं, खाली लिहायचं: ‘आपण टाकलेल्या विश्वासाबद्दल मनापासून आभार. आपलं हसू असंच फुलत राहो.’ तिसाव्या कार्डानंतर माझं डोकं बंद पडलं, हात तेवढा चालू राहिला. त्यातच एक कार्ड पेंटरकाकांना गेलं.

पेंटरकाका दुकानांच्या पाट्या रंगवतात. आमच्या दवाखान्याचा बोर्डही त्यांचाच. आणि तीनच आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी त्यांचा किडका दात तसाच ठेवून शेजारचा धडधाकट दात उपटला होता.

ते आले ते कार्ड हातात घेऊनच. आरडाओरडा नाही, काही नाही. कार्ड लांब धरून म्हणाले, “अक्षर बाईचं आहे. ‘भ’ घाईत काढलाय.”

धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. डॉक्टर बाहेर आले. “अक्षर कुणाचंही असो काका, भावना माझ्याच आहेत.”

“मग माझ्याही ऐका. चूक झाली, असं स्वतःच्या हाताने लिहून द्या. उद्या पाचपर्यंत. नाहीतर बोर्डावर खाली एक ओळ वाढवायला मला अर्धा तास पुरे. ‘येथे शेजारचा दात काढून मिळेल.’”

ते गेले आणि डॉक्टर माझ्यावर उखडले. “तुमच्यामुळे झालं हे सगळं!”

“दात मी काढला?”

त्यांनी कोरं कार्ड माझ्यापुढे सरकवलं. “लिहा. दिलगिरी वगैरे, छान शब्दांत. जमत नसेल तर उद्यापासून येऊ नका.”

अठरा वर्षं त्या खुर्चीत काढली होती, या वयात मला दुसरीकडे कोण ठेवणार? पण रागही असा आला, की तोंडातून निघूनच गेलं, “आभार म्हणाल तेवढे लिहीन. माफी तुमची तुम्ही लिहा.” पेन टेबलावर ठेवलं आणि पर्स उचलली.

दारापर्यंत गेले, तोवर मागे पेनाची करकर सुरू झाली. मग मीही मुकाट्याने जागेवर येऊन बसले. अकरा कार्डं फाटली. बारावं त्यांनी मला दाखवलं. मी डोळे बारीक करून वाचलं: ‘चांगला दात मी काढला. घाई केली. चूक माझी.’ खरं सांगते, मला त्यांची दया आली. ते स्वतः जाऊन कार्ड काकांच्या दुकानात देऊन आले.

दुसऱ्या दिवशी मी कामावर आले. त्यांनी ‘या’ म्हटलं नाही, ‘जा’ही म्हटलं नाही.

पाचला बाहेर बोर्डाखाली शिडी टेकल्याचा आवाज झाला. डॉक्टर पांढरे पडले. पेंटरकाका गालावर रुमाल धरून आत आले.

“शिडी कशाला?” मी विचारलं.

“कामावरून येतोय. ती काय घरी एकटी जाईल?” मग डॉक्टरांकडे वळले. “वाचायला तास लागला. पण अक्षर तुमचंच आहे.”

आणि सरळ जाऊन खुर्चीत बसले. किडका दात अजून ठणकत होताच. त्यांनी रुमाल काढला. गालावर काळ्या शाईने बाण होता आणि खाली सुबक अक्षरं: ‘हा. आभारी आहे.’ आरशात बघून लिहिलं होतं. दुकानांच्या काचांवर आतून उलटं लिहिण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला त्यात काय अवघड!

डॉक्टरांनी खाली वाकून दोनदा वाचलं. मग चिमटा खाली ठेवला आणि मला हाक मारली.

“बाई, जरा आत या. एकदा तुम्हीही वाचा.”